कोल्हापूर ते नाशिक सेसनाने: पुण्यावरून सरळ की बाजूने?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, हातात येऊन वर्षही न झालेल्या एका वैमानिकाला क्लबचं छोटं विमान, सेसना १७२, घेऊन कोल्हापूरहून नाशिकला, म्हणजे ओझरला जायचं आहे. सोबत वडील आणि काका. नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा पुण्याला घासून जाते. मग लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, परवानगी मागून सरळ जावं, पूर्वेकडून वळसा घ्यावा, की 'नजारा भारी दिसतो' असं कुणीतरी सांगितलंय म्हणून घाट उतरून कोकणातून वर सरकावं? आणि वळसा घ्यायचाच तर किती लांबून?

मी बरीच वर्षं शिकाऊ वैमानिकांना क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबची उड्डाणं, आखायला शिकवली. उत्तरेला जायचं म्हटलं की कोल्हापूरच्या प्रत्येक पोराला हाच पेच पडतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. खाली जिथे मैल म्हटलंय तिथे नॉटिकल मैल समजा, नॉट म्हणजे ताशी तेवढे मैल, आणि उंची सगळीकडे समुद्रसपाटीपासूनची.

तुम्ही विचारलंय, 'पुणे परवानगी देतं का?' याचं खरं उत्तर त्या दिवसावर आणि त्या तासावर आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, तिथला एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) हवाई दलाकडे, आणि त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानांची रांग. एखाद्या निवांत दुपारी ते तुम्हाला सहज पलीकडे सोडतील. दुसऱ्या दिवशी लढाऊ विमानं हवेत असतील तर 'रिमेन क्लिअर' (लांबच राहा) एवढंच ऐकू येईल. पण तुमची अडचण वेगळीच आहे. पुणे वीस मैलांवर असताना नकार आला, मागच्या सीटवर काकांना मळमळतंय, समोर धूसर आहे, अशा वेळी तुमच्या हातात काय असेल? आयत्या वेळी कोऱ्या नकाशावर नवी रेषा ओढायची असेल तर ते नियोजन कच्चं. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, परवानगी मिळणार नाही असं धरूनच वाट आखायची. नवरात्रात महाद्वार रोडवरून गाडी काढायला पोलीस सोडतीलही, पण स्टेशनवर वेळेत पोचायचं असेल तर शहाणा माणूस घरातूनच बाहेरच्या रस्त्याने निघतो.

आता आधी सरळ रेषा मोजू. उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, ते ओझर साधारण २०९ मैल, ट्रॅक (वाटेची दिशा) जवळपास ३५४ अंश. ही रेषा लोहगावच्या पूर्वेला अवघ्या नऊ-दहा मैलांवरून जाते. इथेच बहुतेकजण म्हणतात, 'नऊ मैल लांब आहे की, मग काय बिघडलं?' बिघडतं ते असं. लोहगावची धावपट्टी १०/२८, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. विमानं २८ वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरत असतील तर ती पूर्वेकडून येतात. तीन अंशांच्या उताराने येणारं विमान दर मैलाला साधारण ३१८ फूट खाली येतं. म्हणजे नऊ मैलांवर ते धावपट्टीच्या वर अंदाजे २८५० फुटांवर असतं. लोहगावची उंची १९०० फुटांच्या थोडी वर, ती धरली तर समुद्रसपाटीपासून ४८०० फुटांच्या आसपास. तुम्ही कुठे असाल? साडेचार किंवा साडेसहा हजारांवर. म्हणजे नकाशावर जी जागा 'शहराच्या बाहेर' दिसते ती प्रत्यक्षात उतरणाऱ्या विमानांच्या अंतिम टप्प्याला छेद देणारी आहे. तिथून कंट्रोलर तुम्हाला सोडणार तर त्याला एखादं एअरबस लांबवावं लागणार. तो नाही म्हणाला तर त्यात गैर काय? शिवाय त्याच बाजूला हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे, आणि इंजिन नसलेलं पांढरं विमान पांढऱ्या धुक्यात शोधणं किती अवघड असतं हे ज्याने शोधलंय त्यालाच ठाऊक.

गर्दीच्या विमानतळाजवळून जाताना अंतर किती यापेक्षा कुठल्या बाजूने आणि किती उंचीवरून हे जास्त महत्त्वाचं. धावपट्टीच्या दोन टोकांच्या दिशेला विमानं खाली असतात. त्या रेषेला छेद द्यायचाच असेल तर जितका लांबून द्याल तितकी ती तुमच्या डोक्यावरून जातील. हा हिशेब पुण्यालाच नव्हे, कुठल्याही शहराला लावता येतो. फक्त धावपट्टीची दिशा आणि विमानतळाची उंची बदलायची.

कोकणच्या वाटेचं थोडक्यात आटपतो, कारण ती मी तुमच्या जागी विचारातच घेणार नाही. घाट उतरून उत्तरेला सरकलात की पुढे मुंबईचं आकाश आहे, आणि आता त्याला लागून नवी मुंबईचा विमानतळही. त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टर जात-येत असतात, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रावर उडायला बंदी. हे सगळं पार करून पुन्हा इगतपुरीच्या बाजूला सह्याद्री चढायचा. एका इंजिनाच्या विमानात घाटमाथ्याच्या कड्यांवर इंजिन बसलं तर उतरायला जागा कुठे, हे आधी गूगल अर्थवर बघा. नजारा भारी आहे, शंका नाही. तो बघायला रेल्वेने जा.

राहिली पूर्वेची वाट. माझी आखणी अशी असेल: कोल्हापूर, भिगवण, शिरूर, संगमनेर, ओझर.

पहिला टप्पा कोल्हापूर ते भिगवण, साधारण १०२ मैल, ट्रॅक ०१५ च्या आसपास. वारणा आणि कृष्णा ओलांडून विट्याच्या जवळून, पुढे दहिवडीच्या बाजूने थेट शिखर शिंगणापूरवरून. शंभू महादेवाचा डोंगर साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे साडेपाच हजारांवर तुमच्या खाली सुमारे दोन हजार फूट मोकळे राहतात. चांगल्या हवेत पुरेसं आहे. दुपारच्या उकळत्या हवेत नाही. भिगवण निवडायचं कारण म्हणजे उजनीचं बॅकवॉटर. एवढं मोठं पाणी चुकणं कठीण. आणि ही रेषा बारामतीच्या पूर्वेला आठेक मैलांवरून जाते. बारामतीला शिकाऊ विमानांची वर्दळ असते, त्यामुळे धावपट्टीच्या डोक्यावरून जाणं मी टाळतो, पण त्यांची फ्रिक्वेन्सी ऐकत राहतो आणि आपण कुठे आहोत ते एकदा सांगून टाकतो. शिकाऊ पोरगं स्टॉलचा (वेग घटून पंखांची उचल जाते त्याचा) सराव करताना खाली-वर कुठेही असू शकतं.

एक सांगून ठेवतो. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी येतात आणि प्रवाशांना ते दाखवायचा मोह होतो. खाली जाऊ नका. पाणपक्ष्यांचे थवे विमानाच्या आवाजाने उठतात, आणि दीड-दोन किलोचा पक्षी शंभर नॉटच्या वेगात काचेवर आला तर काय होतं ते कल्पनेवर सोडतो. वडिलांना रोहित दाखवायचे असतील तर होडीतून दाखवा.

दुसरा टप्पा भिगवण ते शिरूर, ३९ मैल, ट्रॅक ३२५. पुण्याच्या धावपट्टीची वाढवलेली रेषा तुम्ही इथे छेदता, पण लोहगावपासून जवळपास ४० मैलांवर. मघाचाच हिशेब लावला तर तीन अंशांच्या उतारावरचं विमान इथे चौदा हजारांच्या वर असायला हवं. प्रत्यक्षात कंट्रोलर त्यांना आधीच खाली आणून सपाट उडवत असतो, त्यामुळे सगळीच इतकी उंच नसतील. तरी साडेसहा हजारांवरच्या सेसनाशी त्यांचा संबंध येण्याची शक्यता फार कमी होते. शिरूर लोहगावपासून ३० मैल, पण ईशान्येला, धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला. घोड नदी आणि पुणे-नगर रस्ता तिथे एकत्र दिसतात, खूण पक्की आहे.

तिसरा टप्पा शिरूर ते संगमनेर, ४५ मैल, ट्रॅक ३४८. भिगवणहून सरळ शिर्डीकडे रेषा ओढली तर मैल जवळपास तेवढेच होतात, मग शिरूरला कोपरा कशाला? कारण उजव्या हाताला लष्कराची के. के. रेंज आहे. नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांत पसरलेलं रणगाड्यांच्या गोळीबाराचं क्षेत्र. सरळ रेषा त्याच्या फार जवळून जाते. शिरूरला वळण घेतलं की तुम्ही पुण्याच्या आणि रेंजच्या मधल्या पट्ट्यात राहता. पुणे टाळायच्या नादात इतकं पूर्वेला सरकायचं की रणगाड्यांच्या तोंडी जायचं, ही चूक नकाशावर फक्त पुण्याभोवती वर्तुळ काढणारे करतात. या टप्प्यात डावीकडे पुणे-नाशिक रस्ता सोबत असतो आणि संगमनेरला प्रवरा भेटते.

शेवटचा टप्पा संगमनेर ते ओझर, ३७ मैल, ट्रॅक ३३३. सिन्नरच्या सुमारास समृद्धी महामार्ग आडवा जातो, वरून ती ठळक रेघ आहे. शिर्डीचा विमानतळ संगमनेरच्या ईशान्येला बारा मैलांच्या आत येतो, तेव्हा त्यांच्या टॉवरशी बोलणं आलंच. डावीकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला हव्यात, पाच-सहा मैलांवर. त्या पोटाखाली आल्या तर तुम्ही पश्चिमेला भरकटलात, आणि पश्चिमेला देवळालीचं तोफखान्याचं क्षेत्र आणि नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण आहे. म्हणूनच ओझरला आग्नेयेकडून शिरायचं.

बेरीज करा. २२३ मैल. सरळ रेषेपेक्षा १४ मैल जास्त. १०५ नॉटने आठ मिनिटं, आणि इंधन पाच लिटरच्या आत. एवढ्यासाठी लोहगावच्या तोंडातून जायची खरंच गरज आहे का, ते तुम्हीच ठरवा. वळसा म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर तासभर जास्त उभा राहतो, कारण आपण रस्त्याच्या वळशांना सरावलोय. आकाशात लांब रेषेच्या मधोमध तीसेक मैल बाजूला सरकलं तरी एकूण अंतर फारसं वाढत नाही. म्हणून नियोजनाच्या टेबलावर आधी वळशाची किंमत काढायची, परवानगीचा विचार नंतर.

उंचीबद्दल एक बारीक गोष्ट, जी उत्तरेला जाणाऱ्यांच्या हमखास सुटते. व्हीएफआरला, म्हणजे नजरेने बघत उडताना, चुंबकीय ट्रॅक ००० ते १७९ असेल तर विषम हजार अधिक पाचशे, १८० ते ३५९ असेल तर सम हजार अधिक पाचशे. तुमचा पहिला टप्पा ०१५, म्हणजे ५५००. भिगवणनंतर सगळे ट्रॅक उत्तरेच्या डावीकडे, म्हणजे ६५००. तेव्हा भिगवणला वळताना हजार फूट चढायचं आहे हे कागदावर आधीच लिहा. ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिच्या वर उंची फ्लाइट लेव्हलमध्ये सांगतात ती) बघून हे फूट म्हणून सांगायचं की फ्लाइट लेव्हल म्हणून, तेही ठरवून ठेवा. परतीला उलटं होतं: ओझरहून भिगवणपर्यंत विषम, भिगवणहून कोल्हापूरला सम. जाताना केलेला कागद उलटा धरून परत येणारे मी पाहिलेत.

आता कागदपत्रं, कारण आपल्याकडे ती हवेतल्या निर्णयांवरही परिणाम करतात. परदेशी व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलांना वाटतं की हवेत गेल्यावर मनाला येईल तसं वळता येतं. आपल्याकडे अशा प्रवासाला फ्लाइट प्लॅन लागतो, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर लागतो आणि हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर लागतो. तो नंबर तुम्ही कळवलेल्या वाटेसाठी आणि वेळेसाठी असतो. म्हणून 'आधी पुणे विचारून बघू, नाहीतर पूर्वेने जाऊ' हा बेत इथे नीट बसत नाही. जी वाट उडणार तीच भरा. भिगवणसारख्या ठिकाणाला प्लॅनमध्ये अक्षांश-रेखांशाने लिहायचं: उत्तर १८ अंश १८ मिनिटं, पूर्व ७४ अंश ४६ मिनिटं. बाकीचे बिंदूही तसेच, आणि ते गूगल अर्थवर टाकून एकदा तपासा. मिनिटं आणि दशांश यांची गल्लत झाली की बिंदू भलत्याच तालुक्यात जातो. प्लॅन निघायच्या वेळेच्या किमान तासभर आधी गेला पाहिजे. निघायला उशीर झाला तर गुपचूप निघू नका, वेळ बदलून घ्या आणि एडीसी अजून चालतो का ते विचारा.

हवाई क्षेत्रांच्या हद्दी मी इथे मुद्दाम लिहिल्या नाहीत. लोहगावचा झोन किती मैलांचा, के. के. रेंज किती उंचीपर्यंत, देवळाली कुठल्या वेळेत, हे एआयपीमध्ये, म्हणजे हवाई माहितीच्या अधिकृत पुस्तकात (बंदीची आणि धोक्याची क्षेत्रं त्याच्या ईएनआर ५.१ भागात), आणि त्या दिवशीच्या नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचनांमध्ये, बघायचं. एआयपी विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. माझं जुनं ज्ञान किंवा क्लबच्या भिंतीवरचा पिवळा पडलेला नकाशा यावर विसंबू नका. ड्रोनसाठी सरकारने जो हिरवा-पिवळा-लाल नकाशा काढलाय तोही विमानाच्या नियोजनाला घेऊ नका. तो जमिनीलगतच्या ड्रोनसाठी आहे. तिथे हिरवं दिसलं म्हणजे साडेसहा हजारांवर मोकळं, असा अर्थ होत नाही.

आणि ओझर. हा विमानतळ एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा), बाजूला हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. तिथे उतरायची परवानगी आधी घ्यावी लागते आणि टॉवरच्या वेळा पाळाव्या लागतात. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. वाट सुरेख आखली आणि ओझरने त्या दिवशी नाही म्हटलं तर सगळं मुसळ केरात. एव्हीगॅस, म्हणजे आपल्या इंजिनाचं विमानी पेट्रोल, तिथे मिळेल का हेही फोनवर विचारा. जेट इंधन मिळतं म्हणजे आपलं मिळतंच असं नाही.

पुणे टाळलं तरी पुण्याशी बोलायचं का? बोलायचं. झोनच्या आत नसलात तरी त्यांच्या भागाच्या कडेने जाताय, आणि कंट्रोलरला पडद्यावर अनोळखी ठिपका नको असतो. बोलणं साधं ठेवा: 'पुणे अप्रोच, व्हिक्टर टँगो' आणि पुढची अक्षरं, सेसना १७२, व्हीएफआर कोल्हापूर ते ओझर, आत्ता भिगवण, ६५०० फूट, पुढे शिरूर अमुक वाजता, एडीसी नंबर अमुक. आधी फक्त हाक द्या, त्यांनी 'गो अहेड' म्हटल्यावर हे सगळं. हाक द्यायच्या आधी वाक्य कागदावर लिहून एकदा मोठ्याने वाचलंत तर आवाज थरथरत नाही. ट्रान्सपॉन्डर (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र) उंचीसकट चालू ठेवा. एअरलाइनच्या विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा तुम्हाला त्याच्यामुळेच बघू शकते. व्हीएचएफ रेडिओ नजरेच्या रेषेत चालतो, मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. उत्तर नाही आलं तर घाबरून उंची किंवा वाट बदलू नका, थोड्या वेळाने पुन्हा हाक द्या.

कधीकधी कंट्रोलर स्वतःहून म्हणतो, 'थेट ओझरला जायचंय का?' तो मदतच करत असतो. पण तुमच्यासारख्या नव्या वैमानिकाने नम्रपणे नको म्हणावं असं माझं मत आहे. नवी रेषा म्हणजे नवे डोंगर, नव्या खुणा, नवी वेळ, आणि हे सगळं गुडघ्यावरच्या पॅडवर हवेत करायचं. अनुभवी माणसाने घ्यावं. आणि उलट, त्याने तुम्हाला अजून पूर्वेला ढकललं तर के. के. रेंजची हद्द लक्षात ठेवून 'अनेबल' (जमणार नाही) म्हणायची तयारी हवी. कंट्रोलर विमानं बघतो. खालचा डोंगर आणि समोरचा ढग तुम्हालाच बघायचाय.

पूर्वेच्या वाटेचा आणखी एक फायदा मी कधीच सोडत नाही. इंजिन थांबलं तर काय? पुण्यावर छपरांशिवाय काही नाही. माणदेशात आणि शिरूर-पारनेरच्या माळावर पडीक, सपाट, कोरडी जमीन भरपूर. वाऱ्याची दिशा साखर कारखान्याच्या धुरावरून कळते. फक्त पवनचक्क्या आणि तारा बघा. आणि आपल्या पंचगंगा-कृष्णेच्या पट्ट्यातल्या उसाला भुलू नका. वरून तो हिरवा गालिचा दिसतो, पण डोक्याच्या वर वाढलेल्या उसात चाकं अडकली की विमान नाकावर पालथं होतं. कापणी झालेली शेतं किंवा सरळ माळ शोधा.

हवामानावर लांबलचक लिहीत नाही, पण आपल्या भागाचं म्हणून सांगायला हवं. जून ते सप्टेंबर हा प्रवास व्हीएफआरने आखूच नका. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, पण सकाळी नदीकाठचं धुकं, वर गुऱ्हाळांचा आणि पाचट जाळल्याचा धूर. दहा हजार फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यता ही नियमाची किमान अट, शिवाय ढगांपासून आडवं १५०० मीटर आणि उभं ३०० मीटर. पाच किलोमीटर म्हणजे १०५ नॉटला दीड मिनिटाच्या थोडं वर. तेवढ्यात समोरचं विमान बघून, समजून, वळायचं. मी नव्या माणसाला आठ किलोमीटरच्या खाली निघू देत नसे. उन्हाळ्यात सकाळ चांगली, पण अकराच्या पुढे उकळ्या आणि दुपारनंतर वळीव. कोल्हापूरचा विमानतळ दोन हजार फुटांच्या आसपास आहे. ३८ अंश तापमानाला तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणाच्या हिशेबाने येणारी उंची) सव्वापाच हजारांवर जाते, म्हणजे तीन मोठी माणसं आणि भरलेली टाकी घेऊन सेसना चढायला कुरकुरणार. धावपट्टी पुरते, चढण्याचा वेग पुरत नाही. वडील आणि काका दोघांची वजनं खरी विचारा. आपल्याकडे माणसं वय कमी सांगतात तसं वजनही. तिघं बसवून टाकी काठोकाठ भरायची गरज नाही.

इंधनाचा हिशेब वाऱ्याशिवाय असा: चारही टप्पे मिळून दोन तास सात-आठ मिनिटं. ताशी ३५ लिटर धरले तर ७५ लिटर, टॅक्सी आणि चढाईचे सात-आठ वेगळे. समोरून पंधरा नॉट वारा धरून बघा, वेळ अडीच तासांच्या जवळ जाते. त्यावर शिर्डीपर्यंत जायचं इंधन आणि शिवाय तासभराचं राखीव, असं मी धरतो. नियमाची किमान राखीव यापेक्षा कमी आहे, पण ओझरची धावपट्टी एखाद्या लढाऊ विमानाने अडवली तर ती वर घिरट्या घालताना झरझर संपते. १७२ च्या कुठल्या मॉडेलमध्ये वापरता येण्याजोगं इंधन किती, ते तुमच्या विमानाच्या पुस्तकात बघा. सगळ्या सेसना सारख्या नसतात.

परत फिरायचं कुठे, हेही आधी ठरवा. माझी जागा शिखर शिंगणापूर. तिथे पोचेपर्यंत हवा, रेडिओ, प्रवासी, तुमचं स्वतःचं डोकं, सगळं ठीक असेल तर पुढे. काही खटकत असेल तर कोल्हापूर मागे तासाच्या आत आहे आणि पश्चिमेला कराडची धावपट्टी आहे. भिगवणनंतर परतण्यापेक्षा पुढे शिर्डी किंवा बाजूला बारामती जवळ पडते, तेव्हा निर्णय बदलतो. हे तीन-चार पर्याय टप्प्यागणिक कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेले असले म्हणजे हवेत वाद होत नाही, विशेषतः मागून काका 'एवढं आलोय तर जाऊया की' म्हणत असताना.

थोडक्यात, तुमच्या तीन प्रश्नांना: सरळ नको, कोकण तर नकोच, आणि वळसा लोहगावपासून तीस ते चाळीस मैलांवरून, के. के. रेंजला न शिवता. यात काय बदलू शकतं? तुमच्याकडे दोन इंजिनांचं विमान आणि आयएफआर रेटिंग (उपकरणांवर उडायची पात्रता) असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. मग एअरवेने, म्हणजे ठरलेल्या हवाई मार्गाने, उंचावरून जाणं आणि कंट्रोलर सांगेल तसं वळणं जास्त सोपं. त्या दिवशी के. के. रेंजचा नोटॅम मोठा असेल तर शिरूर-संगमनेरची पट्टी अरुंद होते, आणि मग एक दिवस पुढे ढकलणं बरं.

परतीचं तेवढं बघा. व्हीएफआर सूर्यास्तानंतर २० मिनिटांपुढे चालत नाही, आणि कोल्हापूरला नाइट लँडिंगची सोय झाली म्हणून तुमचं लायसन्स रात्रीचं होत नाही. ओझरहून दुपारी दोननंतर निघायचं असेल तर मार्च ते मे मध्ये वळिवाचे ढग नेमके माणदेशावर उभे असतात. मी तर म्हणेन नाशिकला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या प्लॅनने, नव्या एडीसीने निघा. क्लबला विमान एक रात्र बाहेर ठेवायचं भाडं आणि ओझरला पार्किंग मिळेल का, हे दोन्ही आजच विचारून घ्या.